घरपट्टीची पावती म्हणजे परवाना नव्हे



या खेपेच्या टपालात करवीर तालुक्यातल्या एका भगिनीचे चार पानी पत्र आहे. शहराला लागून असलेल्या गावातले. नाव-गाव छापू नका असे त्यांनी दोनदा बजावले आहे, म्हणून ते वगळून पत्राचा मुख्य भाग देतो. ही अडचण त्यांच्या एकट्यांची नाही. हे वाचताना तुमच्यापैकी कितीतरी जण आपल्याच घराच्या भिंतीकडे बघतील.

त्या लिहितात: "आमचे घर गावठाणाबाहेर, रस्त्याकडेच्या आमच्याच सतरा गुंठ्यांत आहे. गावातले जुने घर दोन भावांत पुरेना, म्हणून मालकांनी २०१८ साली इथे तीन खोल्या आणि पुढे सोपा काढला. त्यासाठी दोन म्हशी विकल्या, माझे डोरलेसुद्धा मोडले. बांधायच्या आधी मालक ग्रामपंचायतीत विचारायला गेले होते. तिथल्या माणसाने सांगितले, 'परवानगी द्यायचं आता आमच्या हातात न्हाई. पण तुम्ही बांधा, नोंद करून देतो.' नोंद झाली, घरपट्टी लागली, लाइटचा मीटर आला. एक वर्ष पावती चुकवली नाही. आता थोरलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायला गेलो तर बँकेने बांधकाम परवाना मागितला. तेवढ्यात, पंचायतीच्या निवडणुकीत आम्ही ज्यांच्या विरोधात होतो त्यांनी वर अर्ज केला आणि घराला नोटीस आली. मालक म्हणतात, घरपट्टी घेताना घर बेकायदा नव्हते काय? नोटीस घेऊच नकोस. मला रात्रभर झोप नाही. काय खरे ते सांगा."

ताई, आधी तुमच्या झोपेचे बघू. नोटीस आली म्हणजे उद्या सकाळी यंत्र दारात येऊन उभे राहिले असे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी देशभरासाठी सांगून ठेवले आहे की, घर पाडायचे तर निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यायला हवी. ती रजिस्टर टपालाने पाठवायची, घरावरही चिकटवायची, आणि घरमालकाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. सार्वजनिक रस्ता, नदी-तळे अशा जागेत जे बांधले असेल त्याला मात्र ही सवलत नाही. तुमचे घर तुमच्याच रानात आहे, तेव्हा तुम्हाला म्हणणे मांडायची संधी आहे. पण ती संधी नोटीस घेणाऱ्याला असते. न घेणाऱ्याच्या दारावर नोटीस चिकटवतात, पंचनामा करतात आणि मुदत तिथूनच धावू लागते. तेव्हा मालकांना सांगा, नोटीस घ्या, तारीख बघा, आणि पाकीटसुद्धा जपून ठेवा.

आता त्यांचा प्रश्न. घरपट्टी घेतली म्हणजे घर मान्य झाले, हा समज आपल्या खेड्यापाड्यांत इतका घट्ट बसला आहे की चांगले शिकलेले लोकही पावत्यांची चळत घेऊन वाद घालायला येतात. घरपट्टी हा कर आहे. गावात घर उभे आहे, त्यात माणसे राहतात, दिवाबत्ती आणि गटार वापरतात, म्हणून पंचायत तो घेते. घर कोणत्या परवानगीने उभे राहिले याचा त्यात निवाडा नसतो. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हेही कर आकारणीचे कागद. त्यावर तुमचे नाव आहे म्हणजे कर भरायची जबाबदारी तुमची, एवढेच त्याने ठरते. लाइटच्या बिलाची गोष्ट तीच. अलीकडे गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन घरोघरी मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत. ती योजना २०२० सालची आणि फार चांगली, कारण त्याने हद्द आणि मालकी पक्की होते. पण त्या पत्रकानेही विनापरवाना मजला परवान्याचा होत नाही.

इतकी वर्षे कोणी काही बोलले नाही, म्हणजे चालले, असेही काही जण म्हणतात. १७ डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचेही उत्तर दिले आहे. बांधकामाला किती वर्षे झाली, त्यात किती पैसा गेला, अधिकाऱ्यांनी किती काळ डोळेझाक केली, यातल्या कशानेही बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही. त्याच निकालात बँकांनाही बजावले आहे की कागद तपासल्याशिवाय अशा इमारतीवर कर्ज देऊ नका. तेव्हा बँकेतल्या साहेबाने मुद्दाम अडवले असे मनात आणू नका.

या बाबतीत विलायतेतल्या एका शेतकऱ्याची हकिकत सांगण्याजोगी आहे. इंग्लंडातल्या सरे परगण्यातला हा गडी. तिथे त्या काळी असा नियम होता की घर पुरे होऊन चार वर्षे कोणी हरकत घेतली नाही तर ते पाडता येत नसे. या पठ्ठ्याने आपल्या रानात बुरुजांसकट वाडा बांधला आणि त्याच्या चारी बाजूंनी गवताच्या गंज्या रचून वर ताडपत्री ओढली. आत बायकामुलांचा संसार, बाहेरून बघणाऱ्याला वैरणीची गंज. चार वर्षे अशी काढून २००६ साली त्याने गंज्या हटवल्या आणि म्हणाला, मुदत संपली. तिथली पंचायत काही गप्प बसली नाही. खटला वरपर्यंत गेला. कोर्ट म्हणाले, गंज्या रचणे आणि काढणे हा बांधकामाचाच भाग, तेव्हा चार वर्षे मोजायची ती गंज्या काढल्यापासून. २०१६ साली त्याला वाडा उतरवावा लागला. इंग्लंडात ती चार वर्षांची मुदतही आता उरली नाही. एप्रिल २०२४ पासून दहा वर्षे झाली आहे. आपल्याकडे गंज्या कोणी रचत नाही हे खरे. पण शनिवार-रविवार कचेऱ्या बंद असतात हे बघून स्लॅब टाकणारे मी पाहिले आहेत, तुम्हीही पाहिले असतील.

आता ज्या वाक्यापासून हे सारे सुरू झाले त्याकडे येऊ. 'परवानगी द्यायचं आता आमच्या हातात न्हाई, पण तुम्ही बांधा.' यातला पहिला अर्धा भाग खरा होता आणि दुसऱ्याने तुमचे नुकसान केले.

पूर्वीपासून गावठाणातल्या घराला परवानगी द्यायची ती ग्रामपंचायतीने. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचे ५२ वे कलम तसे सांगते. परवानगीशिवाय बांधकाम चालले असेल तर ते थांबवायला सांगणे, लेखी नोटीस देऊन बदलायला किंवा काढायला लावणे, हे अधिकारही पंचायतीला आहेत. ५३ वे कलम गल्ली-रस्त्यावरच्या आणि गावच्या मोकळ्या जागेवरच्या अतिक्रमणाचे. गावठाणाच्या बाहेर मात्र महसूल खाते आणि नगररचना खाते यांचा संबंध येतो. त्यात कोल्हापूरची गोष्ट आणखी वेगळी. १९७२ साली महानगरपालिका झाली, पण शहराची हद्द काही वाढली नाही. माणसे मात्र वाढत राहिली. ती उचगाव, पाचगाव, कळंबे अशा भोवतालच्या गावांत येऊन राहिली. ऊस मोडून गुंठे पडले, गुंठ्यांवर घरे झाली. हद्दवाढ हवी म्हणणारे शहर आणि नको म्हणणारी गावे यांच्या ओढाताणीत मधला मार्ग म्हणून २०१७ साली करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या बेचाळीस गावांसाठी कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण निघाले. बांधकामाच्या परवानग्या पंचायतीकडून तिकडे गेल्या. गावांनी त्याला विरोध केला, आणि तो अगदीच गैरवाजवी होता असे मी म्हणणार नाही. ज्याला दोन खोल्या बांधायच्या त्याला चावडीत होणाऱ्या कामासाठी शहरात हेलपाटे घालायला लावले, तर तो परवानगीच्या नादी लागायचे सोडून देतो. तुमच्या मालकांचे २०१८ साली हेच झाले. एक कचेरी म्हणाली माझ्याकडे नाही, दुसरी कुठे आहे ते कोणी सांगितले नाही, आणि पावसाळा तोंडावर आलेला.

पण 'आमच्या हातात नाही' म्हणणाऱ्याने 'बांधा' म्हणायला नको होते. आणि आपणही ते तोंडी शब्दावर घ्यायला नको होते. हे वाचणाऱ्या ज्यांचे घर अजून कागदावरच आहे त्यांना माझे सांगणे असे, की पंचायतीत जाल तेव्हा तोंडी विचारू नका. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण पोच द्यायचे त्यांचे काम बदललेले नाही. नकार मिळाला तर कारणासह लेखी मागा. लेखी नकाराविरुद्ध वर दाद मागता येते, तोंडी होकाराला कोर्टात कोणी विचारत नाही.

मग पंचायती विनापरवाना घरे थांबवत का नाहीत? अधिकार नाही म्हणून नव्हे. सरपंच असतो आपला चुलता किंवा मेव्हणा, सदस्याची सोयरीक त्याच आळीत. पाया खणताना कोणाला थांबवले तर पुढच्या निवडणुकीत त्या घरची आठ मते गेली. म्हणून पाया खणताना सगळे गप्प. आणि एक दिवस भावकी बिनसते, गट बदलतो, दूध संस्थेच्या निवडणुकीत कोणी पडतो, आणि मग दहा वर्षांपूर्वीच्या भिंतीचा अर्ज वर जातो. आपल्या जिल्ह्यात नियम बहुतेक वेळा असा चालतो. नियम बांधताना लावायचा सोडून भांडताना लावतात, त्यामुळे गावाला वाटते की नियम म्हणजे सूड. ताई, तुमच्याविरुद्ध अर्ज करणाऱ्याच्या मनात काय होते ते उघड आहे. पण अर्ज कोणत्या हेतूने केला यावर निकाल लागत नाही. कोर्ट बघते ते परवाना होता की नव्हता. त्या माणसाच्या दारात भांडायला जाऊ नका, आणि मालकांनाही जाऊ देऊ नका.

आणखी एक गंमत सांगतो. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला पंचायतीचा सदस्य राहता येत नाही, असे कायद्यात आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असाही निकाल दिला, की अतिक्रमण वाडवडिलांनी केलेले असले तरी त्यात राहणारा सदस्य अपात्र ठरतो. त्यामुळे काही गावांत सदस्य नोटीस काढायला बिचकतात. नोटिशीची वाट आपल्या घरावरून जाईल ही भीती. माझ्या गावी आमच्या थोरल्या आबांनी बांधलेली जोत्याची पायरी गल्लीत दोन हात पुढे आली होती. पन्नास वर्षे त्या पायरीवर बसून आम्ही दुसऱ्यांच्या अतिक्रमणाविषयी गप्पा मारल्या. गटाराचे काम निघाले तेव्हा ती पायरी मला स्वतः पहार घेऊन काढावी लागली. आईला त्याचे फार वाईट वाटले, कारण संध्याकाळी बसायची तिची तीच जागा होती.

गायरानाची गोष्ट याहून कठीण. तिथे बांधणाऱ्याने परवाना चुकवलेला नसतो, जागाच त्याची नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितले. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयासमोर राज्यातल्या गायरानांवर दोन लाख बावीस हजारांवर बांधकामे असल्याचा आकडा आला आणि ती काढायचा आदेश झाला. त्या हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यात गावोगाव नोटिसा लागल्या आणि लोक रस्त्यावर आले. त्यात धनदांडग्यांच्या शेडही होत्या आणि जिला दुसरीकडे पाय ठेवायला जागा नाही अशा विधवेची झोपडीही होती. कायद्याला दोन्ही एकच दिसतात. अशा राहत्या घरांना आधार मिळायचा तर तो सरकारच्या नियमानुकूल करण्याच्या धोरणातून, आणि त्यासाठी आपण किती साली राहायला आलो याचा पुरावा लागतो. जुन्या घरपट्टीच्या पावत्या इथे मात्र उपयोगी पडतात, राहत असल्याचा पुरावा म्हणून. तेव्हा पावत्या फेकू नका.

कोणी म्हणेल, आपल्याच रानात बांधायला परवानगी कशाला? २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट. २०१९ ला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले आणि २०२१ ला छप्पन्नच्या. नदीकाठच्या रानात मुरूम टाकून जागा उंच करणाऱ्याचे घर कोरडे राहते, पण त्याने अडवलेले पाणी खालच्या वस्तीत शिरते. १९८९ च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा द्याव्या लागल्या, आणि तरीही पुढच्या पुरांत ही गावे पाण्यात गेलीच. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखतात ती यासाठी. निळ्या रेषेच्या आत घर असेल तर दंड भरून ते नीट होईल अशी आशा मी कोणाला लावणार नाही. ताई, तुमचे सतरा गुंठे नदीपासून किती लांब आहेत ते पत्रात नाही. सगळ्यात आधी तेच बघा.

पूररेषेत नसेल, तर पुढचे काम असे. नोटीस प्राधिकरणाची असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली दिलेली असणार. त्या कायद्यात ५३ व्या कलमातच एक वाट ठेवली आहे, आणि नोटीस न घेणाऱ्याला ती कधी कळत नाही. नोटिशीच्या मुदतीच्या आत, झालेले बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागणारा अर्ज करता येतो. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. परवानगी मिळाली तर नोटीस गेली. काही भागाला मिळाली आणि काही भागाला नाही, तर नाकारलेला भाग काढावा लागतो. तुमचा पुढचा सोपा रस्त्याच्या फार जवळ असेल तर तो जाईल, खोल्या राहतील. अर्जासोबत सातबारा, मोजणीचा नकाशा, परवानाधारक अभियंत्याने काढलेला घराचा नकाशा द्यावा लागेल, शुल्क आणि दंड भरावा लागेल. जमीन कोणत्या विभागात येते, शेतीच्या की रहिवासाच्या, याचा झोन दाखला आधी काढा. अर्ज स्वीकारला जाणार की नाही याचा अर्धा निकाल त्या दाखल्यातच असतो. बिगरशेतीचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्यांदा बदलले आहेत की शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय केले ते ऐकून चालू नका. तालुक्याला जाऊन आजचा नियम विचारा.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात राहून गेली आहे. भावांनी आपसात वाटणी केली म्हणता, पण सतरा गुंठ्यांचा सातबारा कोणाच्या नावावर? दोघांचे नाव सामाईक असेल तर अर्जाला दिरांची संमती लागेल. ती आत्ताच घ्या, जावा-जावांचे सूत जुळलेले आहे तोवर. घराच्या उताऱ्यावर तुमचे नाव आहे का तेही बघा. पंचायतीच्या दप्तरी नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावायचा सरकारी निर्णय २००३ सालचा आहे, 'घर दोघांचे' या नावाचा. डोरले मोडून बांधलेल्या घरावर तुमचे नाव असायलाच हवे.

ज्यांना अजून बांधायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. वाट आता पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभरासाठी एकच बांधकाम नियमावली आली. पाठोपाठ २०२१ च्या आरंभी तेव्हाचे ग्रामविकासमंत्री, आपल्या कागलचे हसन मुश्रीफ, यांनी जाहीर केले की गावातल्या सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेवर घर बांधायला वेगळ्या परवान्याची वाट बघायला नको. मालकीचे कागद, नकाशे, नियमांप्रमाणे आहे असे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि शुल्काची पावती ग्रामपंचायतीत दिली की काम सुरू करता येते. ३२०० चौरस फुटांपर्यंत पंचायतीनेच शुल्क भरून घेऊन दहा दिवसांत परवाना द्यायचा. म्हणजे चार कागद आणि एक अभियंता. अभियंत्याचे पैसे जड वाटतात हे मला ठाऊक आहे. पण ते एका ट्रॉली वाळूपेक्षा फार नसतात, आणि वाळूला आपण कधी नको म्हणत नाही. प्राधिकरणातल्या बेचाळीस गावांनी मात्र अर्ज कुठे द्यायचा ते आधी विचारून घ्यावे.

ताई, नोटिशीवर तारीख कोणती आहे आणि सही कोणाची आहे, एवढे उलट टपाली कळवा. तोवर मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कचेरीत टाकून ठेवा. मोजणीची तारीख मिळायला वेळ लागतो आणि नोटिशीची मुदत त्यासाठी थांबत नाही. मोजणीला मालकांबरोबर तुम्हीही बांधावर उभ्या राहा, आणि दिरांनाही बोलवा.